आधार कशाचा?

आधार हा शब्द आपण बहुधा अडचणीच्या घटकेला उच्चारतो, आणि म्हणून त्याच्याकडे निवांतपणे पाहायचे राहूनच जाते. पडणाऱ्याला आधार लागतो, वृद्धाला काठीचा लागतो, साधकाला नामाचा लागतो, हे आपण सारेच मान्य करतो. परंतु आधार घेणे ही एक अवस्था आहे आणि आधार असणे ही दुसरी, आणि पहिलीच्या घाईत दुसरी हातची निसटते, ही गोष्ट मला सर्वांत स्पष्ट दिसली ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात चालणाऱ्या जुन्या मोटारसायकलींच्या एका संथ खेळात. त्या खेळाला ट्रायल्स म्हणतात. त्याच्या सोबतीने आपण या शब्दाभोवती थोडे फिरू या.

या खेळात वेगाला मान नाही. ओढ्यातले शेवाळलेले धोंडे, झाडांची उघडी मुळे, निसरडी चढण अशा जागी दोन्ही बाजूंना खुणा रोवून एक छोटा मार्ग आखतात, त्याला सेक्शन म्हणतात. स्वाराने तो आधी पायी चालून पाहायचा, मग फूटरेस्टवर उभे राहून गाडीसह त्यातून पलीकडे जायचे, आणि तेवढ्या वेळात पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून अधिक वेळा टेकला तरी तीनच. गाडी पडली किंवा खुणांबाहेर गेली तर पाच, आणि जुन्या गाड्यांच्या पुष्कळशा क्लबांत गाडी नुसती थांबली तरी पाच. पाय कुठेही न टेकता पार झाला त्याला शून्य, आणि शून्य हीच इथली सर्वांत मोठी मिळकत. क्लबच्या रविवारच्या स्पर्धेत असे दहाएक सेक्शन असतात, त्यांच्या तीन-चार फेऱ्या होतात, आणि संध्याकाळी ज्याच्या नावावर दंड सर्वांत कमी तो पहिला. सगळा दिवस माणसाला एकच गोष्ट विचारीत असतो, की पायाखालची जमीन सरकू लागली म्हणजे तुझे मन कशाकडे धावते?

खेळाच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे, फक्त तेव्हा तो यंत्राला विचारला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारसायकल इतकी नवी होती की तिच्या आधारावर घरून निघालेला माणूस मुक्कामी पोचेल की नाही, हे कोणी खात्रीने सांगू शकत नसे. म्हणून लांबचे पल्ले आणि अवघड चढ घेऊन तिची परीक्षा पाहण्याची प्रथा पडली. स्कॉटलंडमधल्या सहा दिवसांच्या प्रसिद्ध ट्रायलची परंपरा 1909 पर्यंत मागे जाते, आणि 1914 साली अल्फ्रेड स्कॉट या कल्पक कारखानदाराने यॉर्कशरमध्ये आपल्या कामगारांसाठी जी स्पर्धा योजली ती त्याच्या नावाने आजही भरते. तिच्यात मात्र पायाबरोबर घड्याळही पाहतात. पुढे रस्ते सुधारले, यंत्रे भरवशाची झाली, तसे आयोजक रस्ता सोडून ओढ्यात आणि खडकांत शिरले. यंत्राची परीक्षा संपली आणि स्वाराची सुरू झाली, असे म्हणायला हरकत नाही. पण दोन्ही परीक्षा शेवटपर्यंत एकमेकींत गुंतलेल्याच राहिल्या, आणि जुन्या गाडीवर बसणाऱ्याला हे अधिक कळते.

आता शब्दाचा पहिला पापुद्रा काढू. धोंड्यावरून पुढचे चाक घसरते, गाडी डावीकडे झुकते, आणि स्वाराचा डावा पाय आपोआप फूटरेस्ट सोडून जमिनीकडे जातो. बुद्धीने तसा निर्णय घेतलेला नसतो. देहाला जमीन दिसते, जमीन म्हणजे आधार हे देहाला जन्मापासून ठाऊक असते, आणि तो तिकडे झेपावतो. परंतु त्या क्षणी नेमके काय घडते ते पाहा. मागचे चाक ज्या खडकाला धरून होते ते स्वाराच्या वजनाच्या जोरावर धरून होते. ते वजन दोन तळव्यांतून फूटरेस्टवर, फूटरेस्टमधून सांगाड्यात आणि सांगाड्यातून टायरच्या त्या तळहाताएवढ्या ठशात उतरत होते. पाय उचलला की ते वजन निघून जाते, चाकाची पकड सुटते, चाक जागच्या जागी फिरू लागते, गाडी आणखी कलंडते, आणि मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाय टेकण्यावाचून गत्यंतर उरत नाही. एका टेकण्याने तीन टेकणी ओढून आणली, हे दृश्य कोणत्याही सेक्शनच्या कडेला उभे राहिले की पुन्हा पुन्हा दिसते. जो आधार डोळ्यांना दिसत होता तो घ्यायला गेला, आणि जो दिसत नव्हता पण त्याला उचलून धरीत होता, तो त्याने स्वतःच काढून घेतला.

पांगुळगाडा सोडून पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलाला आपण सारे पाहतो. त्याचा हात लाकडावरून सुटतो तेव्हा ते निराधार होत नाही, आपल्याच पायांत असलेल्या आधाराची त्याला ओळख पटते. ट्रायल्सच्या स्वाराला हीच ओळख उलट्या दिशेने करून घ्यावी लागते, कारण पाय हाच त्याचा पांगुळगाडा होऊन बसलेला असतो. म्हणून जाणते लोक नवशिक्याला सांगतात की गाडी डावीकडे वळवायची तर गाडी डावीकडे कलू दे, तू मात्र उजव्या फूटरेस्टवर वजन ठेव आणि अंगाने बाहेरच राहा; चाक फिरू लागले तर मूठ पिळू नकोस, किंचित सैल सोड, पकड आपोआप परत येईल. दोन्ही गोष्टी देहाच्या स्वभावाविरुद्ध आहेत. गाडी झुकते त्या बाजूला झेपावावे, आणि ती अडखळली की जोर वाढवावा, हे देहाला कोणी शिकवावे लागत नाही. विश्वासाने थोडे सैल होणे मात्र शिकावे लागते, आणि ते कोणाच्याही अंगी एका हंगामात येत नाही.

1961 सालच्या स्कॉटिश सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये गॉर्डन जॅक्सन हा स्वार एजेएस कंपनीच्या 350 सीसी गाडीवर होता. ही स्पर्धा आधी तीन वेळा जिंकलेला तो माणूस. त्या वर्षीही तो जिंकला, आणि सहा दिवसांत, पावसाळी डोंगरांतले ते सारे सेक्शन पार करताना, त्याने एकूण एकच गुण गमावला. म्हणजे आठवडाभरात जमिनीला त्याचा पाय दंडास पात्र ठरेल असा एकदाच लागला. या पराक्रमाचे वर्णन करताना लोक त्या एका टेकलेल्या पायाची आठवण काढतात, आणि मला तेही रास्त वाटते, कारण त्या एका स्पर्शामुळे बाकीचे सारे न टेकणे किती मोठे होते ते कळते. शून्यच असते तर कदाचित आपल्याला तो माणूस वाटला नसता.

इथे थोडे थांबून या खेळाच्या दंडनीतीकडे पाहिले पाहिजे, कारण तिच्यात आधाराविषयीची एक मोठी करुणा साठवलेली आहे. तीनदा पाय टेकल्यानंतर पुढे कितीही वेळा टेकला तरी दंड वाढत नाही. म्हणजे ज्याचा तोल गेलाच आहे त्याने दोन्ही पायांनी ढकलत, धापा टाकत का होईना, पलीकडे जावे, अशी त्या नियमाची इच्छा आहे. पाच गुण आहेत ते पडण्याला, वाट सोडण्याला आणि थांबण्याला. म्हणून अनुभवी स्वार योग्य वेळी एक पाय टेकतो, एक गुण देतो आणि चार वाचवतो. त्याला कोणी कमी लेखीत नाही. आधार घेणे हे पाप आहे असा अर्थ जर कोणी माझ्या बोलण्यातून काढला असेल तर तो कृपा करून सोडून द्यावा. विवेकाने घेतलेला आधार आणि घाबरून शोधलेला आधार यांत जे अंतर आहे तेवढेच मला दाखवायचे आहे, आणि दोघांचा दंड सारखाच असला तरी पहिल्याचा पाय लगेच फूटरेस्टवर परततो व दुसऱ्याचा परतत नाही, यावरून ते अंतर ओळखता येते.

पुढचा पापुद्रा चाकाचा. आपण रस्त्यावरच्या मोटारसायकलीत पंचवीस-तीस पौंड हवा भरतो. ट्रायल्सच्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये चार-पाच पौंड हवा असते, पुढच्यात त्याहून किंचित जास्त. एवढ्या कमी हवेत टायर दगडावर चढताना त्या दगडाचा आकार घेतो, त्याच्या कडेला कवटाळतो, आणि ओल्या खडकावरही पकड देतो. टायर रिमवरून सरकू नये म्हणून रिमच्या आतून त्याची कड आवळून धरणारे बोल्ट बसवावे लागतात, नाहीतर ट्यूबचा व्हॉल्व्हच उपटून निघेल. ज्याने ताठपणा सोडला त्याला खडकाने जागा दिली, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आतले ते बोल्ट विसरू नयेत. सैलपणा आणि घट्टपणा दोन्ही आपापल्या जागी असले तरच चाकाला आधार सापडतो.

याच संदर्भात आपल्याशी नाते सांगणारी एक हकिकत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात ट्रायल्सच्या मंडळींचा ठाम समज होता की गाडीच्या मागच्या बाजूला स्प्रिंग नसावी. सांगाडा ताठ असला म्हणजेच चाक जमिनीला धरून राहते. फेब्रुवारी 1948 मध्ये कोलमोर कप या ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने आपल्या नव्या बुलेटचे नमुने उतरवले, आणि त्यांना मागे झुलती भुजा आणि दोन शॉक अब्सॉर्बर होते. जुन्या जाणत्यांनी नाक मुरडले. पण धोंड्यावरून उतरताना ताठ गाडीचे मागचे चाक हवेत उडत असे आणि या गाडीचे चाक खाली उतरून पुन्हा जमीन शोधत असे, आणि जे चाक जमिनीपाशी परत येते त्यालाच आधार मिळतो, हे हळूहळू सर्वांना पटले. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने बुलेटवर 1952 आणि 1957 साली स्कॉटिश सहा दिवस जिंकली. त्या दोन विजयांच्या मधे, 1955 साली, मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली, आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून बुलेट आपल्या सैन्यात, पोलिसांत आणि गावोगावच्या घरांत पोचली. साताऱ्याच्या किंवा कोल्हापूरच्या रस्त्यावरून सावकाश ठोके देत जाणारी जुनी बुलेट पाहिली की मला त्या कोलमोरच्या चिखलाची आठवण येते; ते मंद, न दमणारे ठोके तिने तिथेच कमावलेले आहेत.

या ठोक्यांतच तिसरा आधार आहे, आणि तो डोळ्यांपेक्षा कानांना अधिक कळतो. जुन्या ब्रिटिश एका सिलिंडरच्या इंजिनात वजनदार फ्लायव्हील असते. एकदा फिरू लागली की ती ठोक्या-ठोक्यांमधले अंतर स्वतःच्या वजनाने भरून काढते, आणि माणसाच्या चालण्याइतक्या वेगातही इंजिन बंद पडत नाही. स्वार डाव्या मुठीपाशी असलेल्या छोट्या लिव्हरने ठिणगी थोडी उशिरा पडेल अशी व्यवस्था करतो, म्हणजे इंजिन धक्का न देता रेटत राहते. जाणकार सांगतात की अशा इंजिनाचा प्रत्येक ठोका चाकाला एक रेटा देतो आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात टायर आपली पकड पुन्हा जमवतो. एरियल एचटी-5 ही 500 सीसीची गाडी या गुणाचा परमोत्कर्ष. बेलफास्टच्या सॅमी मिलरने तिला वर्षानुवर्षे घासूनपुसून, जड भाग काढून, हलके बसवून असे घडवले की ‘जीओव्ही 132’ हा तिचा नोंदणी क्रमांक आजही त्या वर्तुळात एखाद्या तीर्थाच्या नावासारखा उच्चारला जातो. मिलरने ब्रिटनचे अजिंक्यपद ओळीने 11 वर्षे राखले.

आणि त्याच मिलरने ती गाडी सोडली. 1964 च्या अखेरीस तो बार्सिलोनाच्या बुल्टॅको कंपनीकडे गेला, शेर्पा नावाची 250 सीसी वर्गातली हलकी टू-स्ट्रोक गाडी त्याने घडवायला मदत केली, आणि 1965 ची स्कॉटिश सहा दिवस तिच्यावर जिंकली. जड फोर-स्ट्रोक गाड्यांचा काळ त्या वर्षी सरला. एजेएस बनवणारी कंपनी 1966 मध्ये बुडाली, इतरही कारखाने पुढच्या काही वर्षांत मिटले, आणि ज्या गाड्यांना कारखान्याचा आधार होता त्या एकाएकी अनाथ झाल्या. बुल्टॅकोलाही तो दिवस चुकला नाही. 1983 पर्यंत तोही कारखाना बंद पडला, आणि त्याच सुमारास मागे एकच शॉक असलेल्या गाड्या येऊन दोन शॉकच्या गाड्यांना मागे टाकून गेल्या. काळाचा हा क्रम कोणालाही चुकत नाही, यात शोक करण्यासारखे फारसे नाही. लक्षात घेण्यासारखे आहे ते पुढचे. क्लबांनी या अनाथ यंत्रांसाठी वर्ग काढले: 1965 पूर्वीच्या गाड्यांचा ‘प्री-65’ वर्ग, आणि त्यानंतरच्या दोन शॉकवाल्यांचा ‘ट्विनशॉक’ वर्ग. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या आरंभी, सहा दिवसांच्या मोठ्या स्पर्धेला लागून, किनलॉखलेव्हन या स्कॉटिश गावात प्री-65 गाड्यांची दोन दिवसांची ट्रायल भरते, आणि पाइपलाइन नावाच्या त्या भयंकर चढणीवर सत्तर वर्षांची यंत्रे पुन्हा ठोके देऊ लागतात.

ही यंत्रे कशाच्या आधारावर चालतात, हे पाहायला आपल्याला स्पर्धेचे मैदान सोडून घरामागच्या शेडमध्ये जावे लागेल, आणि तिथे जरा अधिक वेळ थांबावे लागेल, कारण माझ्या मते या शब्दाचा गाभा तिथेच आहे.

जुन्या गाडीचा मॅग्नेटो घ्या. तो बॅटरीशिवाय ठिणगी देतो. पण वर्षे लोटली की त्याच्या चुंबकाची शक्ती उतरते, वाइंडिंगवरचा लेप वितळून चिकट होतो, आणि आतला कंडेन्सर थकतो. थकलेल्या कंडेन्सरची खोड अशी की सकाळी थंड असताना गाडी पहिल्या किकला सुरू होते आणि तासाभराने, इंजिन तापल्यावर, कितीही किक मारल्या तरी दाद देत नाही. मग स्वार पेट्रोलवर संशय घेतो, प्लग बदलतो, कार्ब्युरेटर खोलतो, आणि दोष मात्र भलतीकडेच बसलेला असतो. पॉइंटमधले अंतर सुमारे 12 थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, हवे. फीलर गेजचे ते पातळ पाते किंचित अडत आत गेले पाहिजे, आणि हे अडणे किती असावे हे पुस्तकात लिहिता येत नाही. कार्ब्युरेटरची स्लाइड झिजली की तिच्या कडेने हवा शिरते आणि मंद गतीतला तो शांत ठोका बिघडतो. क्लचची केबल कोरडी पडली की दोन बोटांनी अलगद सोडायचा क्लच झटक्याने सुटतो, आणि झटका म्हणजे चाकाची सुटलेली पकड. ओढ्यातून आलेल्या गाडीचे ब्रेकचे ड्रम उघडून सुकवावे लागतात, चाकांच्या बेअरिंगमध्ये ताजे ग्रीस भरावे लागते, एअर फिल्टरच्या पेटीच्या कडा बंद आहेत ना ते पाहावे लागते, चेन धुऊन तेलात ठेवावी लागते, आणि प्रत्येक स्पोक बोटाने वाजवून त्याचा नाद ऐकावा लागतो. बुल्टॅकोच्या फायबरग्लासच्या टाकीला तर नव्या काळाने नवेच संकट आणले आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलने ती टाकी आतून मऊ पडते, तिचा चिकट अंश कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. म्हणून कोणी आतून लेप देतो, कोणी अॅल्युमिनियमची टाकी बसवतो.

हे सारे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की सेक्शनमध्ये स्वाराचे चित्त कोठे असेल, हे या शेडमध्ये आधीच ठरलेले असते. ज्या केबलचा भरवसा नाही तिच्याकडे मन सारखे ओढ घेते. ज्या इंजिनाचा ठोका केव्हा तुटेल सांगता येत नाही, त्याच्यावर उभा असलेला माणूस पुढचा धोंडा पाहू शकत नाही. त्याचा पाय जमिनीकडे धावतो, कारण त्याच्या मनाला आधीच आधार उरलेला नसतो. याउलट ज्याने गुरुवारी रात्री एकट्याने, कोणी पाहत नसताना, पॉइंट पुसले, केबलला तेल दिले, बोल्ट आवळले, तो रविवारी त्या गोष्टी विसरू शकतो. विसरता येणे हे त्या कामाचे फळ. आपल्या परंपरेत नित्यकर्म म्हणून जे सांगितले आहे त्याच्याकडे मी अलीकडे याच दृष्टीने पाहतो: रोजची पूजा, रोजचे नाम, रोजचा पाठ यांतून त्या दिवशी काही विशेष मिळाल्यासारखे वाटत नाही, पण एके दिवशी जमीन सरकते आणि तेव्हा माणूस पाय न टेकता उभा राहतो, आणि आपण कशावर उभे होतो हे त्याला नंतरही नीट सांगता येत नाही. श्रद्धा ही अशी रोज हात काळे करून राखावी लागते. जी राखली नाही ती असते असे मला वाटत नाही.

इथे एका वादाला स्पर्श करणे भाग आहे. प्री-65 गाड्यांच्या जगात गेली कित्येक वर्षे अशी यंत्रे दिसू लागली आहेत की ज्यांचा सांगाडा नवा, हब नवे, पुढच्या फोर्कचे बाहेरचे नळकांडे जुन्या धाटणीचे आणि आतला सगळा ऐवज आजचा. वजन जुन्या गाडीहून पुष्कळ कमी. किनलॉखलेव्हनला तपासनीस अशा गाड्या बारकाईने पाहतात, तरी वाद मिटत नाही. हलके करणे हे पाप म्हणावे तर मिलरनेही तेच केले होते, आणि झिजलेला भाग बदलल्याशिवाय कोणतेही जुने यंत्र जिवंत राहात नाही. तरीही माझा कौल जड गाडीच्या बाजूने आहे. जी गाडी आपल्या काळाच्या मर्यादा बाळगून आहे, जिचे ब्रेक कमी लागतात, जिचे वजन वळणावर अंगावर येते, तिच्यावरचा स्वार तिच्याशी जुळवून घेतो आणि त्या जुळवण्यातून त्याचा आधार तयार होतो. ज्याने सगळ्या मर्यादा पैसे देऊन काढून टाकल्या त्याला निकालात वरचे स्थान मिळते, पण तो आधार त्याला विकत मिळालेला असतो, आणि तो गाडीबरोबर विकलाही जातो. क्लबांनी मूळ स्वरूपातल्या गाड्यांना निकालात वेगळा मान द्यावा, असे मला मनापासून वाटते.

शेवटचा पापुद्रा माणसांचा. प्रत्येक सेक्शनपाशी एक निरीक्षक उभा असतो. पावसात, वाऱ्यात, हातात पाटी आणि पेन्सिल घेऊन. पुढच्या चाकाचा आस पहिली खूण ओलांडतो तेव्हापासून तो शेवटची खूण ओलांडेपर्यंत त्याची दृष्टी त्या दोन पायांवर असते, आणि तो जे लिहील तेच खरे. क्लबच्या स्पर्धेत कॅमेरे नसतात, फेरतपासणी नसते. स्वाराला वाटले की आपला पाय टेकला नाही, दगडाला बूट फक्त घासला, तरी निरीक्षकाने एक लिहिला तर एक, आणि बहुतेक स्वार मान डोलावून पुढे जातात. एवढ्या साऱ्या स्पर्धेचा भार एका माणसाच्या प्रामाणिक डोळ्यांवर असतो आणि तो डळमळत नाही, हे मला त्या खेळातले सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. त्याच्यामागे तो शेतकरी असतो ज्याने आपल्या ओढ्यातून गाड्या जाऊ दिल्या. आदल्या दिवशी खुणा रोवणारे असतात आणि अंधार पडल्यावर त्या काढणारेही असतात. एकाच सेक्शनमध्ये कठीण आणि सोप्या अशा निरनिराळ्या वाटा आखलेल्या असतात, म्हणून गुडघे कुरकुरणारा सत्तरीचा स्वार आणि विशीतला स्वार एकाच रविवारी, एकाच ओढ्यात, आपापल्या शून्याचा शोध घेऊ शकतात. पाय न टेकता जो पार झाला तो या सर्वांच्या खांद्यांवरून पार झाला. त्याला ते त्या क्षणी जाणवत नाही, आणि जाणवू नये अशीच व्यवस्था त्यांनी केलेली असते.

या क्लबांना आज स्वारांपेक्षा निरीक्षकांची चणचण अधिक आहे. माणूस मिळाला नाही तर स्पर्धेतले सेक्शन कमी करावे लागतात. म्हणून माझी एक विनंती आहे. यॉर्कशर, लँकेशर किंवा स्कॉटलंडच्या परिसरात नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी वाचकांनी जवळच्या क्लबची चौकशी करावी आणि एखाद्या रविवारी पावसाळी कोट, चांगले बूट आणि जेवणाचा डबा घेऊन जावे. मोटारसायकल चालवता येण्याची अट नाही. नियम सकाळीच समजावून सांगतात, पाटी आणि पेन्सिल तिथेच मिळते.